पोलिओचें निर्मूलन आणि अनाम स्वयंसेवक

(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं मागें वळून पाहण्याची आपली रीत आहे. ज्यांनीं जमीन दिली, ज्यांनीं पाया घातला, ज्यांनीं घंटा आणविली, त्यांचीं नांवें आपण आदरानें उच्चारतों, आणि तें योग्यच आहे. परंतु कोणतेंही मोठें काम जितक्या हातांनीं उभें राहतें तितकीं नांवें शिळेवर मावत नाहींत. चुना कालविणारे, पाणी वाहणारे, वर्गणीसाठीं घरोघर हिंडणारे, ह्यांची नोंद बहुधा कोठेंच सांपडत नाहीं. ह्या सभेंत स्वयंसेवेविषयीं कांहीं बोलावें अशी मला आज्ञा झाली, तेव्हां अशाच अनाम माणसांच्या एका जगव्यापी कामगिरीची हकीकत आपणांपुढें ठेवावी असें मीं ठरविलें. ती कामगिरी म्हणजे पोलिओ ह्या रोगाचें पृथ्वीवरून उच्चाटन करण्याचा उद्योग. तो अद्याप पुरा झालेला नाहीं. आणि तो पुरा होणें हें आजही शास्त्रज्ञांच्या बुद्धीइतकेंच दारोदार फिरणाऱ्या साध्या माणसांच्या चिकाटीवर अवलंबून आहे, हेंच मला मुख्यतः सांगावयाचें आहे.

प्रथम शत्रूची ओळख करून घेऊं. पोलिओ, ज्याला आपण बालपक्षाघात म्हणतों, हा एका अतिसूक्ष्म विषाणूपासून होणारा रोग आहे. हा विषाणु तोंडावाटे पोटांत शिरतो, आंतड्यांत वाढतो, आणि मळावाटे बाहेर पडून दूषित पाणी, अन्न व हात ह्यांच्या द्वारें दुसऱ्या मुलाच्या तोंडांत जातो. त्याची बाधा झालेलीं बहुतेक मुलें आजारी दिसतही नाहींत. कांहींना चार दिवस ताप येतो, इतकेंच. परंतु सुमारें दोनशें बाधित मुलांमागें एकाच्या मज्जातंतूंवर तो घाला घालतो, आणि काल अंगणांत धांवणारें मूल आज पाय उचलूं शकत नाहीं. अशा लुळ्या झालेल्या शंभर मुलांपैकीं पांच ते दहा मुलें श्वासाचे स्नायू निकामी होऊन दगावतात. ह्या रोगावर औषध नाहीं. जो पाय कायमचा गेला तो परत आणण्याची विद्या अजून कोणास साधलेली नाहीं. तो होऊं न देणें, एवढाच उपाय माणसाच्या हातीं आहे.

आतां ह्या हिशेबाकडे क्षणभर लक्ष द्यावें. एक मूल लुळें झालेलें दिसलें, तर त्याच्या आसपास दोनशें मुलांच्या पोटांत हा विषाणु गुपचूप वास करून गेला, असें समजावें. म्हणून आजारी मूल शोधून त्यावर उपचार करण्यानें ही साथ थांबत नाहीं. एका प्रदेशांतील सर्व लहान मुलांना, निरोगी असोत वा आजारी, एकाच वेळीं लस द्यावी लागते. दुसरी गोष्ट अशी कीं, हा विषाणु माणसाखेरीज दुसऱ्या कोणत्याही प्राण्याच्या आश्रयानें टिकून राहत नाहीं. त्याला मुलांच्या पोटांत थारा मिळाला नाहीं, म्हणजे त्याचा वंश खुंटतो. निर्मूलनाची आशा आहे ती ह्यामुळें. आणि एकही वस्ती सुटतां कामा नये हा आग्रहही ह्याचमुळें.

ह्या रोगाशीं झुंजण्याच्या कामीं सामान्य माणूस मोठ्या संख्येनें प्रथम पुढें आला तो अमेरिकेंत. फ्रँकलिन रूझवेल्ट ह्यांना १९२१ सालीं, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं, ह्या रोगाचें निदान होऊन त्यांचे पाय अधू झाले. पुढें राष्ट्राध्यक्ष असतांना १९३८ सालीं त्यांनीं ह्या रोगाविरुद्ध एक राष्ट्रीय संस्था स्थापन केली. तिच्या तिजोरींत मुख्यतः शाळकरी मुलांचीं व कष्टकऱ्यांचीं दहा-दहा सेंटांचीं नाणीं जमा होत. १९५० पासून आयांचे जथे जानेवारीच्या थंडींत संध्याकाळीं घरोघर फिरूं लागले; ज्या घरीं वर्गणी द्यावयाची असे त्या घरच्या ओसरीवर दिवा लावून ठेवलेला असे. १९५२ सालीं त्या एका देशांत सत्तावन्न हजारांहून अधिक लोकांना हा रोग जडला, ह्यावरून त्या आयांच्या मनांतील धास्ती कळून येईल. ह्याच वर्गणीच्या पैशावर डॉ. जोनास सॉल्क ह्यांचें संशोधन चाललें. १९५४ सालीं त्यांच्या लसीची परीक्षा झाली, तींत सुमारें अठरा लक्ष शाळकरी मुलें सामील झालीं. नोंदी लिहिणें, मुलांना रांगेंत उभें करणें, त्यांना धीर देणें, हीं कामें लाखों पालकांनीं, शिक्षकांनीं व गृहिणींनीं बिनवेतन केलीं. ता. १२ एप्रिल १९५५ रोजीं लस सुरक्षित व गुणकारी असल्याचें जाहीर झालें, तेव्हां त्या देशांत ठिकठिकाणीं चर्चच्या घंटा वाजल्या.

सॉल्क ह्यांची लस सुईनें टोंचावी लागे. तिला जाणता हात हवा. डॉ. आल्बर्ट सेबिन ह्यांनीं मुखावाटे द्यावयाची लस शोधून काढली. अमेरिका व रशिया एकमेकांकडे वैरभावानें पाहत असतां, १९५९ सालीं रशियन शास्त्रज्ञ चुमाकोव ह्यांच्या साह्यानें ती लस सोव्हिएट संघांतील कोट्यवधि लोकांना देण्यांत आली व तिचा गुण सिद्ध झाला. ह्या लसीनें स्वयंसेवकाला दार मोकळें करून दिलें. मुलाच्या जिभेवर दोन थेंब सोडणें हें काम शिक्षक, शिंपी, दुकानदार, कॉलेजांतील विद्यार्थी, कोणीही थोड्या वेळांत शिकूं शकतो. वैद्यांची संख्या मोजकी असते. शेजाऱ्यांची संख्या मोजकी नसते.

ह्या गोष्टीचा प्रत्यय पुढें देशोदेशीं आला. ता. २९ सप्टेंबर १९७९ रोजीं फिलिपाइन्समध्यें मनिलाजवळ रोटरी ह्या सेवासंस्थेच्या सभासदांनीं मुलांना थेंब पाजून आपल्या कार्याचा आरंभ केला. त्यांतूनच १९८५ सालीं त्यांनीं सर्व जगासाठीं पोलिओविरुद्ध निधि उभारण्याचा संकल्प केला. ब्राझीलनें १९८० सालीं राष्ट्रीय लसदिन पाळण्यास सुरवात केली. त्याच वर्षीं पाराना प्रांतांत साथ उद्भवली असतां लसीकरणाची व्यवस्था लावणाऱ्या डॉ. झिल्दा आर्न्स ह्या बालरोगतज्ज्ञ बाईंचें नांव आपण लक्षांत ठेवण्याजोगें आहे. साव पावलोचे कार्डिनल आर्न्स ह्यांच्या त्या भगिनी. त्या मोहिमेनंतर तीन वर्षांनीं, १९८३ सालीं, तेथील बिशपांच्या सहकार्यानें त्यांनीं धर्मग्रामांतील आयांचें एक बालसेवा मंडळ स्थापिलें. त्यांतील साध्या बायका शेजारच्या मुलांचें वजन करीत, जुलाबावर मीठसाखरेचें पाणी कसें द्यावें तें शिकवीत, लसीची आठवण देत. ता. १२ जानेवारी २०१० रोजीं हैती देशांत भूकंप झाला, त्यांत हेंच कार्य तेथें रुजविण्यासाठीं गेलेल्या झिल्दाबाई मृत्यु पावल्या.

एल साल्वादोर ह्या चिमुकल्या देशाची हकीकत तर ह्याहूनही विलक्षण आहे. तेथें सरकार व बंडखोर ह्यांच्यांत घनघोर यादवी चालू होती. रस्त्यावर गोळीबार चालू असतां मुलांना लस द्यावी कशी? संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीचे प्रमुख जेम्स ग्रँट ह्यांनीं, मुलांसाठीं लढाई थांबवा, अशी विनंती केली. आर्चबिशप रिव्हेरा इ दामास ह्यांनीं आणि रेडक्रॉसनें दोन्ही पक्षांमध्यें मध्यस्थी केली. परिणामीं १९८५ सालीं फेब्रुवारी, मार्च व एप्रिल ह्या महिन्यांत प्रत्येकीं एक रविवार असे तीन रविवार बंदुका मुक्या राहिल्या, आणि सुमारें अडीच लक्ष मुलांना पोलिओ, गोवर वगैरे रोगांवरील लसी देण्यांत आल्या. १९९२ सालीं तह होईपर्यंत असे शांततेचे दिवस दर वर्षीं पाळले गेले. जीं माणसें एकमेकांशीं एक शब्द बोलावयास तयार नव्हतीं, तीं मुलांच्या नांवें तीन दिवसांपुरतीं कां होईना, एकमत झालीं.

अशा अनुभवांनीं धीर येऊन १९८८ सालीं जागतिक आरोग्य परिषदेंत १६६ राष्ट्रांच्या प्रतिनिधींनीं पोलिओ पृथ्वीवरून नाहींसा करण्याचा ठराव केला. त्या वर्षीं १२५ हून अधिक देशांत हा रोग ठाण मांडून होता, आणि सुमारें साडेतीन लक्ष मुलें त्यानें लुळीं होत होतीं. म्हणजे दर दिवशीं जवळजवळ एक हजार. तीनच वर्षांनीं, १९९१ सालीं, पेरू देशांत अमेरिका खंडांतील अखेरचा रोगी आढळला. त्यानंतर आजपावेतों सुमारें दोन कोटि स्वयंसेवकांच्या साह्यानें अडीचशें कोटींहून अधिक मुलांना लस देण्यांत आली आहे. इतका मोठा नि:शस्त्र सेनासंभार इतिहासांत क्वचितच कोठें एकवटला असेल.

आतां आपल्या देशाकडे वळूं. ता. २ ऑक्टोबर १९९४ रोजीं दिल्लींत पल्स पोलिओची पहिली मोठी मोहीम झाली, आणि ता. ९ डिसेंबर १९९५ रोजीं ती साऱ्या देशांत सुरू झाली. प्रथम मुलांनीं बूथवर यावें अशी अपेक्षा होती. पुष्कळ आलीं, पण जीं आलीं नाहींत त्यांच्यांतच विषाणु टिकून राहिला. म्हणून १९९९ च्या सुमारास घरोघर जाण्याचा क्रम सुरू झाला. भरभराटीच्या काळांत एका राष्ट्रीय फेरींत सुमारें तेवीस लक्ष लोक सतरा कोटि मुलांना थेंब पाजीत. त्यांतील अनेकांस दिवसाचें अल्पसें मानधन मिळे, पण त्या पैशाकरितां कोणी भर उन्हांत दोनशें उंबरठे झिजवील असें मला वाटत नाहीं.

त्यांच्या दिवसाचा क्रम पाहण्यासारखा असे. पहांटे आरोग्यकेंद्रावर जाऊन बर्फाच्या लाद्या भरलेली लसीची पेटी खांद्यावर घ्यावयाची, कारण ही लस उन्हांत नासते. प्रत्येक कुपीवर एक खूण असते; तिच्यांतील फिकट चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका काळवंडला, कीं ती कुपी टाकून द्यावयाची. मग गल्लींतील पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत एकही दार न गाळतां जावयाचें. घरांत पांच वर्षांखालील मुलें किती, पाहुणीं आलेलीं किती, नुकतें जन्मलेलें कोणी आहे काय, हें विचारावयाचें. थेंब पाजले कीं मुलाच्या डाव्या करंगळीच्या नखाला शाई लावावयाची. सर्व मुलांना लस मिळाली असेल त्या घराच्या भिंतीवर खडूनें 'पी' हें अक्षर, आणि कोणी राहिलें असेल, दार बंद असेल किंवा नकार मिळाला असेल तेथें फुली. संध्याकाळीं ह्या फुल्यांची मोजदाद होई, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच दारीं पुन्हां जावें लागे. उत्तरेकडील गांवांत लहान मुलांच्या 'बुलावा टोळ्या' निघत. घोषणा देत, हात धरून, तीं मुलें आपल्याहून लहान मुलांना बूथवर आणीत. रेल्वेस्थानकांवर, एस्टीच्या थांब्यांवर, वीटभट्ट्यांवर, जत्रेंत पथकें उभीं असत. बिहारांत कोसी नदीच्या पुरांत दर वर्षीं वाट बदलणाऱ्या खेड्यांत नावेनें आणि कमरेइतक्या पाण्यांतून पेट्या नेल्या गेल्या.

एवढें करूनही यश दूरच राहिलें होतें. २००२ सालीं देशांत सोळाशें मुलें लुळीं झालीं, त्यांतील बहुतेक उत्तर प्रदेशांतील. लसींत जननशक्ति नष्ट करणारें द्रव्य आहे, अशी अफवा उठली होती. दारें धडाधड बंद होत. कोठें शिव्या, कोठें धोंडे. परंतु त्या नकारामागें नुसतें अज्ञानच होतें असें म्हणणें अन्यायाचें होईल. आया विचारीत: "आमच्या मुलाला ताप आला तर औषध मिळत नाहीं, नळाला पाणी नाहीं, गटार तुंबलेलें आहे, मग ह्या दोन थेंबांसाठींच महिन्या-महिन्याला एवढी माणसें आमच्या दारीं कां येतात?" ह्या प्रश्नाचें उत्तर हुकुमानें देण्यासारखें नव्हतें. जो दुर्लक्षित राहिला आहे, त्याला एकाएकीं मिळालेलें लक्ष संशयास्पद वाटावें, ह्यांत नवल तें काय?

ह्या संकटांतून वाट काढली ती शेजारणींनीं. २००३ पासून त्याच मोहल्ल्यांतल्या, तीच भाषा बोलणाऱ्या, बहुतांशीं स्त्रिया अशा हजारों लोकसंपर्क कार्यकर्त्या नेमण्यांत आल्या. प्रत्येकीकडे कांहींशें घरें. कोणत्या घरीं बाळंतपण झालें, कोणाची सासू विरोधांत आहे, कोणाचा नवरा मुंबईस कामाला गेला आहे, हें तिच्या वहींत असे. मोहीम नसे त्या दिवशींही ती त्या घरीं जाऊन बसे, बाळाला अंगावर पाजण्याविषयीं, हात धुण्याविषयीं बोले. अलीगढ, जामिया मिलिया व जामिया हमदर्द येथील विद्यापीठांचे अध्यापक व विद्यार्थी वस्तींत आले. मशिदींतून इमामांनीं लसीचें आवाहन केलें. २००९ सालीं तर उत्तर प्रदेश व बिहारांतील १०७ अतिजोखमीचे विभाग निवडून, लसीबरोबरच शौचालय, स्वच्छ पाणी व जुलाबावरील उपचार ह्यांकडेही लक्ष देण्याचें ठरलें. लोकांच्या तक्रारींत तथ्य होतें हें मान्य केल्यावर दारें उघडूं लागलीं. २०१० सालीं अधिक प्रभावी लसही हाताशीं आली.

परिणाम पाहावा. २००९ सालीं भारतांत ७४१ मुलांना पोलिओ झाला. ही संख्या त्या वर्षींच्या साऱ्या जगांतील रोग्यांच्या जवळजवळ निम्मी होती. २०१० सालीं ४२. आणि ता. १३ जानेवारी २०११ रोजीं बंगालमधील हावडा जिल्ह्यांत एका दीड वर्षाच्या मुलीला झाला, तो ह्या देशांतील शेवटचा. तिला लसीचा एकही थेंब मिळालेला नव्हता. कोट्यवधि मुलांना लस मिळाली असतांही जी एक सुटली, तिलाच रोगानें गांठलें; स्वयंसेवक दुसऱ्यांदा व तिसऱ्यांदा त्याच दारीं कां जातो, ह्याचें उत्तर ह्या एका मुलींत आहे. त्यानंतर ता. २७ मार्च २०१४ रोजीं भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त असल्याचा दाखला मिळाला. जेथें हा रोग सर्वांत शेवटपर्यंत टिकेल असें अनेक तज्ज्ञ म्हणत होते, तेथून तो गेला.

बंधुभगिनींनो, ह्या कथेंत रक्ताचे डागही आहेत, ते झांकून ठेवतां येत नाहींत. २००३ सालीं नायजेरियाच्या कानो प्रांतांत अशाच अफवेमुळें लसीकरण बंद पडलें, आणि तेथून निघालेला विषाणु अनेक देश ओलांडीत थेट इंडोनेशियापर्यंत जाऊन पोंचला. २०११ सालीं पाकिस्तानांत अबटाबाद येथें अमेरिकेच्या हेरखात्यानें आपल्या शोधासाठीं काविळीच्या लसीच्या खोट्या मोहिमेचा आडोसा घेतला. तें उघडकीस आल्यावर खऱ्या लसवाल्यांवरचा विश्वासही ढांसळला. त्याचें प्रायश्चित्त मात्र भलत्यांनाच भोगावें लागलें. २०१२ च्या डिसेंबरांत पाकिस्तानांत पोलिओच्या कामावरील अनेक कार्यकर्त्या व कार्यकर्ते गोळ्यांना बळी पडले. २०१३ च्या फेब्रुवारींत कानो शहरांत निदान नऊ जणांचा प्राण गेला. २०२२ च्या फेब्रुवारींत अफगाणिस्तानांत एकाच दिवशीं आठ जण मारले गेले. त्यांत अनेक स्त्रिया होत्या. त्यांच्या हातांत थंड पेटी आणि खडू ह्यांपलीकडे कांहीं नव्हतें. आणि अशा हल्ल्यांनंतरही पाकिस्तानांत मोहिमा पुन्हां सुरू झाल्या, मागें राहिलेल्या स्त्रियांनीं पेट्या पुन्हां खांद्याला लावल्या. धैर्य म्हणतात तें ह्याहून निराळें काय असतें?

आज ह्या लढ्याची स्थिति काय आहे, तेंही सांगितलें पाहिजे. नैसर्गिक विषाणूच्या तीन जातींपैकीं दुसरी २०१५ सालीं व तिसरी २०१९ सालीं नष्ट झाल्याचें जाहीर झालें. २०२० सालीं आफ्रिका खंड नैसर्गिक पोलिओपासून मुक्त ठरलें. पहिली जात मात्र पाकिस्तान व अफगाणिस्तान ह्या दोन देशांत तग धरून आहे. २०२१ सालीं साऱ्या जगांत तिचे केवळ सहा रोगी आढळले, तेव्हां किनारा लागला असें वाटलें. परंतु २०२४ सालीं ती संख्या पुन्हां ९९ वर गेली. शेवटचा कोस सर्वांत लांब असतो.

दुसरी एक अडचण आहे, आणि ती लपविणें बरें नव्हे. मुखावाटे द्यावयाच्या लसींत दुबळा केलेला जिवंत विषाणु असतो. जेथें पुष्कळ मुलें लसीवांचून राहिलेलीं असतात, तेथें तो दीर्घकाळ एका मुलाकडून दुसऱ्याकडे फिरत राहून क्वचित् पुन्हां जोम धरतो. ह्यावर उपाय दोन: सर्व मुलांना लस मिळून त्याला फिरावयास जागाच न उरणें, आणि सुईनें टोंचावयाच्या, मृत विषाणूच्या लसीचाही उपयोग करणें. आपल्या देशांत ती टोंचावयाची लस २०१५ सालापासून देण्यांत येत आहे. अशाच फिरत्या विषाणूनें २०२४ च्या ऑगस्टांत गाझा येथें एक दहा महिन्यांचें मूल लुळें झालें. पंचवीस वर्षांत तेथें असें घडलें नव्हतें. पुढच्या महिन्यांत भर युद्धांत ठराविक तास लढाई थांबवून दहा वर्षांखालील साडेपांच लक्षांहून अधिक मुलांना पहिले थेंब देण्यांत आले. देणाऱ्यांपैकीं अनेकांचीं स्वतःचीं घरें पडलेलीं होतीं. एल साल्वादोरचे ते तीन रविवार वांयां गेले नाहींत. त्यांनीं जगाला एक पायंडा घालून दिला.

आपल्या महाराष्ट्राचाही ह्या कार्यांत वांटा आहे. परळच्या हाफकिन संस्थेंत तयार झालेली तोंडावाटे द्यावयाची लस देशांत व परदेशांत पुरविली गेली. मुंबईंतील सांडपाण्याचे नमुने घेऊन त्यांत पोलिओचा विषाणु आहे काय, हें तपासण्याचें काम २००१ पासून चालू झालें. देशांत सांडपाण्यांत तो शेवटचा सांपडला तो मुंबईंतच, २०१० च्या नोव्हेंबरांत. कोणाच्या डोळ्यांस न दिसणारा शत्रु गटाराच्या पाण्यांत शोधणारे हे लोकही त्याच अनाम सेनेचे शिपाई होत.

आतां आपलें कर्तव्य काय? रोग गेला म्हणजे त्याची भीति जाते, आणि भीति गेली म्हणजे काळजीही जाते, हा मनुष्यस्वभाव आहे. आजच्या तरुण आईनें पोलिओनें लुळें झालेलें मूल पाहिलेलें नसतें. ही केवढी भाग्याची गोष्ट! पण त्यामुळेंच पोलिओ रविवारीं घरीं पाहुणे आहेत, मुलाला थोडी सर्दी आहे, मागच्या खेपेस दिलीच होती, अशीं कारणें सुचतात. शेजारच्या देशांत विषाणु आहे तोंवर तो आगगाडीनें, जहाजानें, विमानानें कोणत्याही दिवशीं येऊं शकतो. तेव्हां चार गोष्टी मी नम्रपणें सुचवितों. आपल्या घरच्या बालकांना नेमलेल्या वेळीं सर्व लसी द्याव्या. पोलिओ रविवारीं आपल्या तरुण मंडळींनीं बूथवर दोन तास द्यावे. वीटभट्टीवर, नव्या इमारतींच्या बांधकामावर, दूरदूरच्या प्रांतांतून पोटासाठीं आलेल्या मजुरांचीं मुलें असतात. त्यांचीं नांवें कोणाच्या यादींत नसतात, तीं आरोग्यसेविकेला आपण कळवावीं. आणि चौथी गोष्ट: जे पूर्वीं ह्या रोगानें अधू झाले व आज आपल्यांत काठीच्या किंवा कॅलिपरच्या आधारानें वावरत आहेत, त्यांना विसरूं नये. रोग गेला तरी त्यांची चढण संपलेली नाहीं. सभागृहाच्या दारांत पायऱ्यांच्या बाजूला एक उतार बांधून देणें, कामधंद्यांत त्यांना बरोबरीची संधि देणें, हें आपल्या हातचें आहे.

बूथवर बसणें, यादी लिहिणें, बंद दार पुन्हां एकदां ठोठावणें, हीं कामें फार लहान दिसतात. तीं करणाराला हार मिळत नाहीं, छायाचित्र छापून येत नाहीं. पुष्कळदां साधा "या, बसा" हा शब्दही मिळत नाहीं. ज्या मुलाचा पाय वांचला त्यालाही तो कोणामुळें वांचला हें कधीं कळत नाहीं, कारण न आलेला रोग कोणास दिसत नाहीं. तें मूल शाळेच्या मैदानावर इतरांसारखें धांवत असतें, एवढेंच. त्या धांवण्यांत ज्यांना आपल्या श्रमाचें फळ दिसतें, अशीं माणसें आपल्या धर्मग्रामांतून पुढेंही निघोत, आणि पोलिओचें नांव केवळ वैद्यकाच्या जुन्या पुस्तकांतून वाचावयाचें भाग्य आपल्या नातवंडांना लाभो, एवढीच इच्छा.